नागरिक कोण, आणि वस्ती सुरक्षित कशाने?

१६ जानेवारी २०२५ च्या पहाटे वांद्र्यातील राहत्या घरात अभिनेते सैफ अली खान यांच्यावर चाकूहल्ला झाला. तीन दिवसांनी ठाण्यातून पकडलेला आरोपी मूळचा बांगलादेशी असून येथे खोट्या नावाने राहत होता, असे मुंबई पोलिसांनी जाहीर केले आणि बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशी नागरिकांच्या शोधमोहिमांना महाराष्ट्रात वेग आला. पाच महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, दुसरी बातमी आली. पश्चिम बंगालमधून महाराष्ट्रात मजुरीसाठी आलेल्या काही जणांना बांगलादेशी समजून पकडण्यात आले, सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्यात आले आणि त्यांच्या गावाकडची कागदपत्रे पुढे आल्यावर, तेथील राज्य सरकारच्या हस्तक्षेपानंतर, त्यांना परत आणावे लागले. ते भारतीय होते.

पहिली बातमी वाचून ज्याला धास्ती वाटली, त्याची धास्ती उगाच नव्हती. दुसऱ्या बातमीतल्या मजुरांच्या घरच्यांनी जे दिवस काढले, तेही कुणाच्या वाट्याला येऊ नयेत असेच होते. या दोन्ही बातम्यांत 'नागरिकत्व' आणि 'सुरक्षितता' हे दोन शब्द एकमेकांना चिकटून येतात आणि बोलताना आपण ते एकच असल्यासारखे वापरतो. ते दोन वेगळे विषय आहेत, काही ठिकाणी ते एकमेकांना भेटतात, आणि नेमके कुठे भेटतात हे कळले नाही तर दोन्हींचे नुकसान होते, असे मला वाटते. म्हणून सुरुवात अगदी पायापासून करू.

## सभासद, भाडेकरू आणि नोंद नसलेला माणूस

एक गृहनिर्माण संस्था डोळ्यांसमोर आणा. तिच्यात सभासद असतात, त्यांच्याकडे भाग प्रमाणपत्र असते आणि वार्षिक सभेत त्यांना मत असते. भाडेकरू असतात, त्यांचा करार ठरावीक मुदतीचा असतो. चार दिवसांसाठी आलेले पाहुणे असतात. आणि क्वचित एखादा असाही माणूस असतो, जो वॉचमनच्या वहीत नोंद न करता आत आला आणि कुणाच्या तरी खोलीत राहू लागला, किंवा करार संपूनही गेला नाही.

देशाच्या कायद्यात सभासद म्हणजे नागरिक, भाडेकरू आणि पाहुणा म्हणजे व्हिसावर आलेला परदेशी, आणि चौथ्यासाठी शब्द आहे 'अवैध स्थलांतरित'. नागरिकत्व कायदा १९५५ चा असला, तरी ही व्याख्या त्यात २००३ च्या दुरुस्तीने आली. वैध पासपोर्ट किंवा प्रवासाची कागदपत्रे नसताना आत आलेला, अथवा परवानगीची मुदत संपल्यावरही राहिलेला परदेशी म्हणजे अवैध स्थलांतरित. म्हणजे कुंपणाखालून आलेला मजूर आणि व्हिसा संपल्यावरही राहिलेला विद्यार्थी हे कायद्याच्या दृष्टीने एकाच रांगेत येतात.

आता इमारतीला आग लागली असे समजा. अग्निशमन दलाचे जवान शिडी लावताना भाग प्रमाणपत्र विचारत नाहीत. आपल्या राज्यघटनेची रचनाही अशीच आहे. मतदान, देशात कुठेही राहण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य हे हक्क नागरिकांचे आहेत. कायद्यापुढील समानता देणारा अनुच्छेद १४ आणि जीविताचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ यांत मात्र 'व्यक्ती' असा शब्द आहे. परदेशी माणसाला या देशात राहू देण्याचे बंधन सरकारवर नाही, परंतु तो येथे आहे तोवर त्याचा जीव सुरक्षित ठेवण्याचे आहे.

## जन्माच्या तारखेप्रमाणे बदलणारा नियम

भारतात जन्मलेला माणूस आपोआप नागरिक होतो, अशी अनेकांची समजूत आहे. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. नियम कसा बदलला हे एका कल्पित कुटुंबातून पाहू. थोरली बहीण १९८६ मध्ये जन्मली. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेल्यांना जन्म भारतातला, एवढे पुरते. ती त्यात बसते. धाकटा भाऊ १९९० चा. १ जुलै १९८७ पासून जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक असला पाहिजे, अशी अट आली. त्या भावाची मुलगी २०१६ मध्ये जन्मली. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा अवैध स्थलांतरित नसलेला हवा.

याचा परिणाम असा होतो की त्या मुलीने स्वतःचा जन्मदाखला दाखवून काम भागत नाही. तिच्या वडिलांचे नागरिकत्व दाखवावे लागते, आणि ते दाखवायला आजी किंवा आजोबा यांच्यापर्यंत जावे लागते. नातीची ओळख आजीच्या ट्रंकेतल्या कागदावर येऊन थांबते.

२०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याबद्दलही बराच गोंधळ आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना नागरिकत्व मिळण्याचा मार्ग त्याने खुला आणि छोटा केला; नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. त्या कायद्याच्या योग्यायोग्यतेवरचा वाद मोठा आहे, पण कुणाला शोधावे आणि बाहेर काढावे हे तो सांगत नाही. आपला आजचा विषय तो नसल्याने येथेच सोडतो.

## आधार कार्ड का पुरत नाही?

हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. आधार हा रहिवासाशी जोडलेला क्रमांक आहे. वर्षभरात १८२ दिवस येथे राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही तो मिळू शकतो. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिले आहे की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील एका आरोपीचा जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयानेही हेच सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती आहे, एवढ्यावरून कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. संस्थेच्या उदाहरणात आधार हे वीज बिलासारखे आहे. तुम्ही तेथे राहता एवढे ते सांगते, सभासद आहात की भाडेकरू हे सांगत नाही.

मग भाग प्रमाणपत्रासारखा एकच निर्णायक कागद कोणता? तसा कागद बहुतेक भारतीयांकडे नाही, कारण प्रत्येक नागरिकाला 'तू नागरिक आहेस' असे प्रमाणपत्र देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. शेतकऱ्याला हे लवकर कळेल. सातबारा ही महसुली नोंद आहे. मालकीवर वाद उभा राहिला की दिवाणी न्यायालयात खरेदीखत, फेरफार, वारसनोंद अशी माळ ओवावी लागते. नागरिकत्वाचेही तसेच आहे. वाद होईपर्यंत कुणी विचारत नाही आणि वाद झाला की सगळी माळ लागते.

त्या माळेतले मणी किती कच्चे आहेत ते आपल्याच घरात पाहावे. महाराष्ट्रातल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलले जाते. मग माहेरच्या दाखल्यावरची मुलगी आणि सासरच्या शिधापत्रिकेवरची सून ही एकच व्यक्ती आहे हे दाखवायचे कसे? आसाममध्ये नागरिक नोंदवही (एनआरसी) तयार होताना लाखो विवाहित स्त्रियांपुढे हीच अडचण उभी राहिली आणि माहेरचे नाते दाखवण्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला चालेल की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. योग्य पडताळणी करून तो चालेल, असे न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले.

## सिद्ध कोणी करायचे?

चोरीच्या खटल्यात आरोपीने चोरी केली हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचे असते. परदेशी असल्याच्या आरोपात उलटे आहे. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात आपण परदेशी नाही हे दाखवण्याची जबाबदारी त्या माणसावरच टाकलेली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या चार कायद्यांच्या जागी 'इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५' लागू झाला, आणि त्यातही ही जबाबदारी तशीच ठेवली आहे. वैध कागदपत्रांशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास किमान दोन व कमाल सात वर्षे कैद, अशा शिक्षा त्यात आहेत.

हे उलटे का ठेवले, याला कारण आहे. आपला जन्म कुठे झाला, आईवडील कोण, ही माहिती ज्याची त्यालाच असते. पोलिसांनी ती शून्यातून शोधायची म्हटले तर काम अशक्य होते. आसामसाठी १९८३ मध्ये केलेल्या वेगळ्या कायद्याने ही जबाबदारी सरकार आणि तक्रारदार यांच्यावर टाकली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्यामुळे परदेशी शोधणे जवळजवळ थांबले होते, आणि तेथील घुसखोरीचे वर्णन न्यायालयाने बाह्य आक्रमण असे केले. तेव्हा या नियमामागची चिंता हलकी नाही.

तरीही या नियमाला कुंपण हवे. जुलै २०२४ मध्ये आसाममधीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घातले. अधिकाऱ्याने उठून कुणाचेही दार वाजवावे आणि 'तू नागरिक आहेस हे सिद्ध कर' असे म्हणावे, हे चालणार नाही. संशय कशावरून आला याची काहीतरी ठोस सामग्री आधी प्रशासनाकडे असली पाहिजे आणि ती त्या माणसाला सांगितली पाहिजे. नावाच्या स्पेलिंगमधला किंवा तारखांमधला किरकोळ फरक ही अशी सामग्री नव्हे, हेही त्या निकालात आले. १ जून ही जन्मतारीख असलेल्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

महाराष्ट्रात प्राथमिक पडताळणीचे काम पोलीस करतात. ज्या ठाण्यात चोरीची तक्रार द्यायची, त्याच ठाण्यात माणसाची भाषा, कागद आणि गावाचा पत्ता तपासला जातो. यापुढचा सगळा मुद्दा या एका गोष्टीभोवती फिरतो.

## 'बेकायदा राहणे हाच गुन्हा आहे, मग वेगळे काय मोजायचे?'

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. वैध कागदांविना देशात शिरणे हा गुन्हा आहेच. पण वस्तीत राहणारा माणूस 'सुरक्षित' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात घरफोडी, मारहाण, छेडछाड, खंडणी असते. पहिला गुन्हा देशाच्या प्रवेशनियमाविरुद्धचा आहे, दुसरे गुन्हे माणसांविरुद्धचे आहेत. 'परदेशी नागरिकांवर इतके गुन्हे दाखल' असा आकडा आपण वाचतो, तेव्हा त्यात ही दोन्ही प्रकारची प्रकरणे एकत्र असतात. मोहीम तीव्र केली की पहिल्या प्रकारची प्रकरणे वाढतात, आकडा फुगतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की चोऱ्यामाऱ्या वाढल्या.

दुसरी अडचण छेदाची आहे. एखाद्या गटात गुन्हेगारीचे प्रमाण काढायचे तर त्या गटात किती माणसे आहेत हे ठाऊक हवे. २००४ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी संसदेत बेकायदा बांगलादेशींची संख्या सुमारे १.२ कोटी सांगितली आणि पुढे तो आकडा विश्वासार्ह नसल्याचे स्पष्टीकरण सरकारलाच द्यावे लागले. २०१६ मध्ये राज्यसभेत सुमारे २ कोटी असा आकडा देण्यात आला. अंदाजात इतकी तफावत असताना 'ते लोक जास्त गुन्हे करतात' किंवा 'कमी करतात' ही दोन्ही विधाने गणिताला धरून नाहीत.

जेथे नोंदी आहेत तेथे काय दिसते? अमेरिकेतील टेक्सास राज्यात अटक झालेल्या प्रत्येकाची स्थलांतराची स्थिती केंद्रीय यंत्रणेकडून तपासली जाते. २०१२ ते २०१८ या काळातील त्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांमध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी अटकेचे प्रमाण जन्माने अमेरिकी असलेल्यांपेक्षा बरेच कमी निघाले. परंतु हे सगळीकडे खरे मानू नये. जर्मनी आणि स्वीडनमध्ये पोलिसांच्या संशयितांच्या यादीत परदेशी नागरिकांचा किंवा परदेशात जन्मलेल्यांचा वाटा लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे, आणि तरुण पुरुषांचे प्रमाण जास्त असणे हे त्याचे एक कारण असले तरी तेवढ्याने पूर्ण फरक समजत नाही. कोण आले, कोणत्या वयात आले, काम मिळाले का, कुठे राहावे लागले, यावर उत्तर बदलते. पासपोर्टच्या रंगावरून ते काढता येत नाही.

## वस्ती सुरक्षित कशाने राहते?

पोलिसांची संख्या, दिवे, कॅमेरे हे सगळे आहेच. पण गुन्हा उघडकीस येतो तो बहुतेक वेळा कुणीतरी सांगितल्यामुळे. भाजीवाली पाहते, रिक्षावाला ऐकतो, घरकाम करणारी बाई ओळखते, नाक्यावर उभा असलेला गवंडी सांगतो की तो माणूस कालपासून इथे घुटमळत होता. पोलिसांचे अर्धे काम अशा सांगणाऱ्या माणसांवर चालते, हे कोणताही अनुभवी हवालदार मान्य करील.

आता अशी वस्ती डोळ्यांसमोर आणा, जेथे बंगाली बोलणारा प्रत्येक कारागीर ठाण्याच्या पायरीवर थबकतो. त्याच्याकडे सगळे कागद आहेत, पण ते मुर्शिदाबादला घरी आहेत, आणि आत गेल्यावर तक्रार बाजूला राहून आपलीच चौकशी सुरू होईल अशी त्याला भीती वाटते. मुकादमाने मजुरी बुडवली, तो गप्प बसतो. शेजारच्या खोलीत मुलीला मारहाण होते, तो ऐकतो आणि गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याचा फायदा घेणारा मुकादम किंवा गुंड उद्या त्याच गल्लीतल्या मराठी, गुजराती, तेलुगू माणसाकडेही जाणार आहे. गुन्हेगाराला तक्रार न करणारे सावज हवे असते आणि असे सावज जेथे जमा होते तेथे तो वस्ती करतो.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात याचे एक मोजमाप झाले. २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांत लॅटिन अमेरिकी समाजाकडून येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षीच्या तुलनेत ४२.८ टक्क्यांनी घटल्या, तर इतरांच्या तक्रारी वाढल्या, असे तेथील पोलीस प्रमुखांनी जाहीरपणे सांगितले आणि त्याचा संबंध हद्दपारीच्या भीतीशी जोडला. या एका आकड्यावर सगळे ओझे टाकू नये, पण तो एका पोलीस प्रमुखाने काळजीने मांडला होता, हे महत्त्वाचे आहे.

ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून अमेरिकेत गेलेल्या मराठी मुली आपल्या नात्यागोत्यांत आहेत. त्यांतल्या एखादीवर घरात अत्याचार झाला, तर पोलिसांना फोन करताना तिच्या मनात पहिला विचार हाच येतो की आपला व्हिसा गेला तर? हे ओळखून अमेरिकेने २००० मध्ये गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी वेगळा व्हिसा आणला. वर्षाला १०,००० ची मर्यादा असल्याने त्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. तिने निर्भयपणे फोन करावा असे आपल्याला वाटत असेल, तर मीरा रोडच्या बांधकामावरील मजुराच्या बायकोबद्दलही तसेच वाटायला हवे.

## 'कायदा मोडून आलेल्याला संरक्षण कशासाठी?'

संरक्षण देणे आणि राहू देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्या न्यायालयांनी त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. १९९८ मध्ये हावडा रेल्वे स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. गुन्हेगारांत रेल्वेचे कर्मचारी होते. ती भारताची नागरिक नाही, मग भरपाई कशी मागते, असा युक्तिवाद रेल्वेने केला. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो फेटाळला, अनुच्छेद २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे असे सांगितले आणि १० लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. तिला तेव्हा गप्प बसवले असते तर ते गुन्हेगार मोकळे राहिले असते, आणि त्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या स्त्रियांत बहुसंख्य भारतीय होत्या.

मानवी तस्करीच्या बाबतीत हाच विचार सरकारनेही केला आहे. नोकरीच्या आमिषाने बांगलादेशातून आणून मुंबई-पुण्यात विकल्या गेलेल्या मुलींकडे पासपोर्ट नसतोच. छाप्यात सापडल्यावर अशा मुलीवरच परदेशी नागरिक कायद्याखाली गुन्हा नोंदवला, तर ती आरोपी होते आणि तिला विकणाऱ्या दलालाविरुद्धचा सर्वांत मोठा साक्षीदार हातचा जातो. म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०१२ मध्ये राज्यांना सूचना दिली की तपासात स्त्री किंवा बालक तस्करीचे बळी असल्याचे दिसले, तर त्यांच्यावर त्या कायद्याखाली खटला चालवू नये. तिला मायदेशी पाठवायचेच आहे. फरक इतकाच की ती आधी दलालाचे नाव सांगते आणि मग जाते.

माझे म्हणणे या तत्त्वाला थोडे पुढे नेण्याचे आहे. जो माणूस गुन्ह्याचा बळी किंवा साक्षीदार म्हणून ठाण्यात येतो, त्याचा जबाब घेणाऱ्या टेबलावर त्याच्या नागरिकत्वाची चौकशी सुरू होऊ नये. ती चौकशी करायची असेल तर वेगळ्या शाखेने, वेगळ्या सामग्रीवर, वेगळ्या वेळी करावी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि त्यात तक्रारदाराच्या नागरिकत्वाची अट नाही.

## 'मग सीमा मोकळी सोडायची का?'

मुळीच नाही. कोण देशात आले याची नोंद असणे हा सुरक्षिततेचा पाया आहे, आणि जो खोट्या नावाने राहतो त्याने उद्या खरोखर गुन्हा केला तर त्याला शोधणे कठीण जाते, हा युक्तिवाद मला पूर्णपणे पटतो. पण भारत-बांगलादेश सीमा सुमारे ४,०९६ किलोमीटरची आहे. तिच्यात नद्या आहेत, नदीपात्रातली वाळूची बेटे आहेत, दरवर्षी जागा बदलणारी वाळू आहे. कुंपण ओलांडून देणारा दलाल, शिक्का मारून देणारा कारकून, पैसे घेऊन जन्मदाखला काढून देणारा एजंट हे या साखळीचे खरे दुवे आहेत. एका मजुराला पकडले की एक माणूस कमी होतो, एका एजंटाला पकडले की शेकडो खोटे दाखले थांबतात. म्हणून २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने उशिराने काढलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमले, तेव्हा त्यामागची दिशा मला योग्य वाटली. भाडेकरूची माहिती ठाण्यात देणे हेही साधे आणि उपयोगी काम आहे, जे आपल्यापैकी अनेक जण टाळतात.

आसामच्या लोकांची तक्रार चोऱ्यामाऱ्यांपुरती कधीच नव्हती. जमीन, भाषा आणि मतदार यादी यांच्यावरचा ताण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. १९७९ ते १९८५ चे आंदोलन आणि १५ ऑगस्ट १९८५ चा करार त्यातून आला. त्याच आंदोलनाच्या काळात, १८ फेब्रुवारी १९८३ रोजी, नेल्ली परिसरातील गावांत सुमारे २,००० बंगाली मुसलमान, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले, काही तासांत मारले गेले. सरकारने न सोडवलेला नागरिकत्वाचा प्रश्न शेजाऱ्यांनी हाती घेतला, तेव्हा हे घडले. पुढे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या नागरिक नोंदवहीतून सुमारे ३.३ कोटी अर्जदारांपैकी १९,०६,६५७ वगळले गेले, आणि त्या यादीवर समाधानी असा एकही पक्ष आसामात उरला नाही.

## संशय कशावर घ्यायचा?

पोलिसांना संशय घ्यावाच लागतो. तो वागण्यावर आणि पुराव्यावर घेतला तर तपास होतो. भाषा, नाव, पेहराव यांवर घेतला तर झवेरी बाजारातला बंगाली सुवर्णकारागीर आणि सीमेपलीकडून आलेला माणूस यांत फरक करता येत नाही, कारण दोघे एकच भाषा बोलतात. सुरुवातीला सांगितलेली, बंगालच्या मजुरांबाबत जून २०२५ मध्ये झालेली चूक अशाच जागी झाली.

महाराष्ट्राला याचा जुना आणि कडू अनुभव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काय केले हे न पाहता तो कोणत्या जमातीत जन्मला यावर त्याला गुन्हेगार ठरवले. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी समाजांची माणसे ठाण्यात हजेरी लावत राहिली, सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या तारेच्या कुंपणांत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, पण गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी जाण्याची सवय गेलेली नाही. त्या ऐंशी वर्षांत चोऱ्या थांबल्या नाहीत. एक अख्खा समाज पोलिसांपासून दूर पळायला मात्र शिकला.

आज कागदांची मागणी वाढली की सर्वांत आधी अडकतात तेही हेच लोक. पालावर जन्मलेल्या मुलाचा दाखला नाही, बापाचा शाळेचा दाखला नाही, राहण्याचा पत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. सीमा त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही, पण नातीपासून आजीपर्यंतची माळ त्यांच्याजवळ अजिबात नाही. खोट्या दाखल्यांना आळा घालण्यासाठी केलेली प्रत्येक नवी अट त्यांच्या खऱ्या दाखल्याच्याही आड येते, आणि म्हणून अशा अटींबरोबर पालावर जाऊन नोंद करणारी माणसेही प्रशासनाने पाठवली पाहिजेत.

## जन्माची नोंद

या सगळ्या प्रकरणात सामान्य घराच्या हातात असलेली एक गोष्ट उरते. मूल जन्मल्यापासून २१ दिवसांत जन्माची नोंद विनामूल्य होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटले की कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो. घरकामाला येणाऱ्या बाईंची सून बाळंत झाली असेल, ऊसतोडीच्या टोळीत मूल जन्मले असेल, तर त्यांना २१ दिवसांचा हा नियम सांगावा, आणि जमल्यास ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या कार्यालयापर्यंत सोबत जावे. दाखल्यावर आईचे नाव तिच्या इतर कागदांवर आहे तसेच, अक्षर न अक्षर, लिहिले गेले आहे का, हे तेथेच वाचून पाहावे.